रेशमी दालनाच्या झडपा

नायमेखन शहराजवळच्या जुन्या कॅसलचे ते रखवालदार होते. तिथे आजवर होऊन गेलेले सगळे मालक आपणच सांभाळल्यासारखे बोलत. "सरदाराला उजेड लागायचा, नन्सना अंधार. आता हॉटेलवाले आलेत, त्यांना नुसते फोटो लागतात," असं म्हणत ते एकेका खोलीच्या खिडक्यांच्या झडपा उघडत आणि निघताना आठवणीने लावत. उन्हाने भिंतींवरचं तीनशे वर्षांचं रेशीम विटतं, म्हणून.

निवृत्तीनंतर मी तिथे स्वयंसेवक होतो. पुण्याहून बहीण आली, तेव्हा तिला दाखवायला मी संध्याकाळी त्यांची फेरी झाल्यावर रेशमी दालनाची किल्ली घेतली आणि झडपा लावायला विसरलो. दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या दुरुस्तीसाठी दालन उन्हाळाभर बंद राहिलं. उघडलं, तेव्हा एका भिंतीवरची निळी फुलं पार पुसली गेली होती.

मॅनेजरने रखवालदारांना विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "शेवटची फेरी माझी असते. मीच विसरलो असणार." मी शेजारीच उभा होतो. त्यांना घरी पाठवलं. वय झालं, असं ठरलं.

आता दुकानात जायला निघाले, तरी ते चार वेळा मागे फिरून गॅस बघतात. स्वतःचा भरवसा नाही, म्हणून सायकल विकून टाकली.

गेल्या आठवड्यात मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला.

"तुम्ही फार भले आहात. पण मला आठवतं ना. झडपा तशाच टाकून मी जिना उतरलो, ते अजून डोळ्यांसमोर आहे."