क्षमेच्या ओळीपाशी

"थांब गं, मन अजून जागेवर आलेलं नाही," असं म्हणत सिस्टर बायबल उघडायच्या आणि उभ्याउभ्याच वाचायला लागायच्या. खिडकीपासून कपाटापर्यंत आणि परत, अशा त्यांच्या फेऱ्या चालत.

सिस्टर हॉस्पिटलात नर्स, मी तिथल्याच लॅबमध्ये. सावेडीत एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. सातची शिफ्ट असली की मी साडेसहाला स्कूटरची किल्ली वाजवत त्यांच्या दारात उभी. एक अध्याय वाचून झाल्याशिवाय त्या चप्पल घालत नसत.

"सिस्टर, देव कुठं पळून जात नाही. आपली हजेरी जाईल."

"देव नाही गं पळत. मीच पळते. म्हणून रोज धरून आणावं लागतं."

अध्याय संपला की प्रभूची प्रार्थना, मोठ्यानं. निम्म्यात आलं की त्या गप्प व्हायच्या, उगाच पडदा सारखा करायच्या, मग पुढून सुरू. मला वाटायचं, प्रार्थनाच तशी आहे. आमच्या घरची आरती मला धड येत नाही, पण ही ऐकून ऐकून पाठ झाली.

एका नाताळला त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेले, तर प्रार्थनेत त्या जागी सगळे एक ओळ जास्त म्हणत होते. सिस्टर तेवढ्या गप्प. परतताना मी विचारलंच.

"आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, असं म्हणायचं असतं तिथं."

"मग?"

"मी केलेली नाही."

पारनेरकडच्या गावात त्यांची आई वारली, तेव्हा भावानं फोन केला तो माती देऊन झाल्यावर. "म्हणे, तू ड्यूटीवर असशील. किती परक्या माणसांचे डोळे मिटले मी या हातांनी. आईचे तेवढे राहिले."

"अहो, म्हणून टाका की एक ओळ. कोण तपासतंय?"

"ज्याला म्हणायची, तोच."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. एक तर माफ करावं, नाहीतर वाचन सोडावं. तुम्हीही हेच म्हणाला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. रोज सकाळी "आज म्हणेन" म्हणून सुरुवात करायच्या आणि जिना उतरताना "उद्या बघू" म्हणायच्या. त्यांच्या त्या तगमगीनं माझीही सकाळ नासायची आणि तरी दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधीच जायची.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळत होता. आता मी वाचायची आणि त्या पडून ऐकायच्या. चादरीखाली पाय मात्र हलत असायचे.

एका सकाळी प्रार्थना म्हणताना मी त्या ओळीपाशी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"अजून नाही जमत. खोटं कसं बोलू? पण तू भावाला फोन लाव. आत्ता लाव, मी आहे तोवर."

दुपारपर्यंत तो आला. धोतर, हातात पिशवी, दारातच घुटमळला. "ये," एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवस तो उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. डोळे त्यानं मिटले.

कब्रस्तानात चर्चच्या पाळकांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांबरोबर मीही म्हणत होते. ती ओळ आली आणि सवयीनं माझं तोंड बंद झालं. शेजारी पाहिलं तर त्यांचा भाऊही गप्प होता.

"तिनं मला येळंवर बोलावलं," तो हळूच म्हणाला. "म्या न्हवतं बोलावलं."

मंडळी पुढे जाऊन आमेन म्हणाली. आम्ही दोघं अजून त्या ओळीपाशीच होतो.