खुडूक कोंबडीची मुदत

बाबा गेले, त्यांचा चाळिसावा झाला आणि मी आईला रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून माझ्याकडे, सौदीतल्या दम्मामला घेऊन आलो. घराला कुलूप लावलं, तिच्या कोंबड्या मावशीकडे दिल्या. व्हिसा वाढवत राहायचं आणि तिला आता इथंच ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला एकटीला तिकडे ठेवण्याची कल्पनाच मला सोसत नव्हती.

पण इथं आल्यापासून ती तोंडातून ब्र काढेना. नमाज, दोन घास आणि मग पलंगाच्या कडेला बसून राहणं. माझी मुलगी तिच्याशी हिंदीत बोलायची, बायको मराठीत. दोघींना उत्तर एकच, मान हलवून. उन्हाळ्यात बाहेर पडायची सोय नाही आणि खिडकीतून दिसणार काय, तर समोरच्या घराची भिंत. ही अशीच झुरत राहिली तर परत जायचं म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, याची मला धास्ती बसली.

शेवटी एका शुक्रवारी मी बाजारातून चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा खोक्यात घालून आणला. आमचं घर तळमजल्यावर, मागे उंच भिंतींचं वीतभर अंगण. वस्तीत कोंबड्या पाळायला बलदियाची, म्हणजे इथल्या महापालिकेची, बंदी आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून आईला बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती खोक्याजवळ बसली आणि पहिल्यांदा बोलली, "यांना पाणी कोण देल?"

त्या दिवसापासून घरात माणूस आल्यासारखं झालं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली तिनं परात ठेवली. लाकडी फळ्यांचं खुराडं माझ्याकडून करून घेतलं, तेही तीनदा मोडायला लावून. कण्या टाकताना ती कोंबड्यांना शिव्या घालायची आणि त्या ऐकून माझा जीव भांड्यात पडायचा. कोंबडा आरवायचा, पण सगळ्यांच्या खिडक्या बंद आणि एसीची घरघर चालू, त्यामुळे तो आमच्यापुरताच राहिला.

घात केला तो अंड्यांनी. आमच्या घरची रीत अशी, की कोंबडी पहिल्यांदा घालायला लागली की पहिली अंडी शेजारी द्यायची, मग आपण खायची. रमजान होता. आईनं मुलीच्या हाती इफ्तारीची ताटं पाठवली, आजूबाजूच्या चारही घरांत. प्रत्येक ताटात भजी, खजूर आणि रुमालाखाली अंडी.

मला कळलं तेव्हा मी भडकलो. "सांगितलं होतं ना, कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून!"

"शेजाऱ्याला न देता खावाचा? चोराच्या घरात ऱ्हातोय काय आपण?" तिनंच मला झापलं.

ईद झाली आणि बलदियाचा माणूस दारात उभा राहिला. तक्रार कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एका घरातल्या लेकराला दम्याचा त्रास होता. ज्यानं केली त्याचं काही चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही.

माणूस तरुण होता, सभ्य होता. त्यानं खुराड्यात वाकून पाहिलं. एक कोंबडी खुडूक झाली होती, आईनं तिला अंड्यांवर बसवलं होतं. आई खुराड्यासमोर जाऊन उभी राहिली. "याला सांग, बसलेलीला उठवाची नाय. अंडी थंड होतील."

मी अरबीत सांगितलं. त्यानं पुन्हा एकदा बसलेल्या कोंबडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाकीच्या आज न्या. हिला पिल्लं निघेपर्यंत राहू दे, या हज्जा." इथं वडीलधाऱ्या बाईला अशीच आदरानं हाक मारतात. आईनं त्याला अंडी देऊ केली. त्यानं हात छातीवर ठेवून नाही म्हटलं.

बाकीच्या कोंबड्या मी शहराबाहेरच्या एका शेतावर सोडून आलो. उरलेले दिवस आई अंगणातच असायची, आणि चांगली बोलायचीही. मला वाटलं, निभावलं. हिला आता इथली सवय झाली.

पिल्लं निघाली. आईनं ती एकेक करून पदरात घेतली, फडक्यानं पुसली, कोंबडीसकट खोक्यात ठेवली. खोक्याला हवेसाठी भोकं पाडली. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "आता माझा पण तिकीट काढ."

मी विचारलं, "आज एकदम काय झालं?"

"आज नाय. तो मानूस आला तवाच ठरवलेला. पर बसलेलीला सोडून कशी जाऊ?"

मी खूप मनधरणी केली. दुसरं घर बघतो म्हटलं. तिकडे तुझं कोण आहे, असंही बोलून गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही.

"मंग तू ये की," ती म्हणाली.

मी खोकं उचललं आणि शेतावर सोडायला म्हणून गाडीत नेऊन ठेवलं.