यादीतलं एकेचाळिसावं मशीन

अकोल्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. लॅबमध्ये चाळीस मशीन. परीक्षेआधी ती सगळी नव्याने तयार करायची म्हणजे एकेकापाशी तासन्‌तास बसणं. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला कॉलेज तयार नव्हतं, म्हणून मी फुकटची दोन साधनं शिकून घेतली. एक नेटवर्कवर जोडलेल्या मशीनची यादी करायचं. दुसरं एका मशीनच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून बाकीच्यांवर एकदम उतरवायचं. उतरवताना आधीचं सगळं पुसलं जायचं.

त्या सकाळी यादीत एकेचाळीस मशीन दिसली. जास्तीचं एक स्टोअरमधलं असेल, असं मी धरून चालले. सगळ्यांवर खूण केली आणि बटण दाबलं. पडदे एकामागून एक काळे झाले, मग त्यांच्यावर टक्केवारी सरकू लागली. मी खुशीत चहा मागवला.

चहा घेऊन आलेल्या शिपाई मावशी दारातच थांबल्या. "बाई, वरच्या सरायचं कॉम्प्युटर आपोआप बंद पडलं न सुरू झालं. त्याच्यावरबी असेच आकडे पयून राहिले."

मी जिना कसा चढले, आठवत नाही. भूगोलाच्या सरांच्या खोलीत पडद्यावर नऊ टक्के दिसत होते. मी भिंतीतून वायर उपटली. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी सर अकरा वर्षं मोजत होते. सगळ्या नोंदी त्या एका मशीनमध्ये होत्या.

सर त्या दिवशी हिवरखेडला गेलेले. फोन दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. लाइन गेली आणि त्यात मशीन बिघडलं, असं सांगावं असं मनात आलं. अकोल्यात त्यावर कुणाचाही विश्वास बसला असता. मागोमाग वर आलेल्या मावशी बघत होत्या, पण त्या कुणाला काही बोलल्या नसत्या. तिसऱ्यांदा नंबर लावला.

"सर, माझ्या हातून तुमचं मशीन पुसलं गेलं."

वाऱ्याच्या आवाजातून ते म्हणाले, "कावून केलं तू असं?"

"यादी न तपासता बटण दाबलं."

"आता त्याले हात लावू नको. मी येऊन राहिलो."

ते येईपर्यंतचे दोन तास मी त्या खोलीतून हलले नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं, याची जास्त होती.

ते आले, मशीनवर हात ठेवून बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून मी हरवलेल्या फाइली शोधणारं एक साधन चालवलं. सापडल्या त्यांची नावं गेलेली, नुसते क्रमांक उरलेले. तीन दिवस मी एकेक उघडत गेले आणि सर आकडे बघून विहीर ओळखत गेले. दहा वर्षांच्या नोंदी जुळल्या. अकराव्या वर्षाच्या नोंदी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात होत्या. तिथेच नवी प्रत लिहिली गेली होती. त्या मिळाल्या नाहीत.

प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी घडलं तसं लिहून दिलं. नोकरी टिकली. सरांनी मात्र त्यांच्या मशीनची नेटवर्कची केबल काढून टेबलाखाली गुंडाळून ठेवली. निवृत्त होईपर्यंत परत जोडली नाही, आणि मीही कधी तसं सुचवलं नाही.