इंदापूर सोडून सगळीकडे

बारामतीच्या डॉक्टरांनी साखरबाईंचे रिपोर्ट पाकिटात घातले आणि त्यांच्या नवऱ्याला, जोतीरामतात्यांना सांगितलं, की यांना आता घरी न्या आणि त्या जे मागतील ते खायला द्या. त्यांच्या निरवांगी गावात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. यकृताचा कर्करोग होता आणि फार पुढं गेला होता.

घरी आल्यावर साखरबाईंनी काहीच मागितलं नाही. शेजारणी खरवस घेऊन आल्या, कुणी मटणाचं पाणी आणलं. सगळं उशाशी तसंच राहिलं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "दिपालीनं इंदापूरला खाऊ घातलावता बघा, त्यो बर्गर खाऊ वाटतुय."

दिपाली ही त्यांची मुलगी. नोकरी लागल्यावर तिनं दोघांना महामार्गालगतच्या एका हॉटेलात नेलं होतं. तात्यांना ते प्रकरण हातात धरताच येईना. अर्धं खाऊन त्यांनी ताटली सरकवली. साखरबाईंनी आपला बर्गर संपवून त्यांचा उरलेलाही खाल्ला. कोंबडीच्या खिम्याची जाड टिक्की, पावावर तीळ आणि काळा पडेपर्यंत परतलेला कांदा. करपवलेला कांदा इतका गोड कसा लागतो, हे त्या पुढं वर्षभर बायकांना सांगत होत्या.

तात्या गाडी काढत होते, तेवढ्यात ओट्यावर बसलेले थोरले भाऊ दादासो म्हणाले, "बिगीनं जा, जोती. जीव त्यातच अडकलाय तिचा. तेवढा घास पोटात गेला की सुटंल बिचारी."

दादासो मायेनंच बोलले होते. पण फाट्यावर आल्यावर तात्यांना इंदापूरचा रस्ता धरवेना. थोडा वेळ ते गाडी चालू ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी गाडी बारामतीकडं वळवली.

भिगवण रस्त्यावरच्या काचेचं दार असलेल्या एका दुकानातून त्यांनी पहिला बर्गर आणला. तात्यांचे वडील जी घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांमागं कोकणात उतरायचे, तिचा एक तुकडा घरात होता. गार होऊ नये म्हणून डबा त्यात गुंडाळला होता. साखरबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. पर ह्यो न्हाय." तात्यांनी सांगितलं, की इंदापूरचं ते हॉटेल बंद पडलंय. साखरबाई 'बरं' म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

त्यानंतर तात्यांना दुसरं काम उरलं नाही. वालचंदनगरला बटाट्याच्या टिक्कीचा मिळाला. तो वडापावच होता, फक्त पाव गोल. सोमेश्वरनगरला कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या धुरळ्यात एक पोरगा गाडा लावायचा. त्याचा मसाला झणझणीत, पण पाव शिळा. भिगवणला टिक्की रसरशीत होती. पाठीवरून हात फिरवून कोकराचं वजन सांगणारा हा माणूस आता पाव दाबून ताजा की कालचा ते ओळखू लागला. बारामतीतल्या एका काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, की आजोबा, नातवासाठी का? बायकोसाठी, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "आजी लई हौशी हायत की तुमच्या." तात्याही हसले.

साखरबाईंना वाईटसाईट द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. चांगल्यातला चांगला हवा होता, फक्त तो नको होता. एकदा बारामतीतच एका नव्या हॉटेलात बर्गर उघडून बघितला, तर आत काळपट कांदा. तात्यांनी तिथंच एक घास खाऊन पाहिला. चव जवळजवळ तीच होती. ते घाबरले. बर्गर बाहेर बसलेल्या एका म्हातारीच्या हातात देऊन ते दुसऱ्या दुकानात शिरले.

साखरबाईंचे घास मात्र कमी होत गेले. दोनाचा एक झाला, मग नुसतं जिभेला लावणं. पोटाला तडस लागलेली, डोळे पिवळेजर्द. वेदनेच्या गोळ्यांचा अंमल उतरला की त्या उशीचा कोपरा दातांत धरायच्या. तरी दर वेळी तेच म्हणायच्या, "ह्यो न्हाय."

एका दुपारी तात्या डबा सोडत असताना त्यांनी हातानंच थांबवलं.

"इंदापूरचं हाटेल चालू हाय न्हवं?"

तात्यांनी सुटलेली घोंगडी पुन्हा डब्यावर ओढली.

"दादासो भावजी वट्यावर बोललं, ते मी बी ऐकलंवतं. खिडकी उघडीच व्हती."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला तरी कुठं जायाचंवतं?" साखरबाई म्हणाल्या. मग डबा बाजूला सारून म्हणाल्या, "आता सोसत न्हाय. आणा त्यो."

फाट्यावर न थांबता तात्या इंदापूरला गेले. हॉटेल तेच होतं, तवा तोच आणि गर्दीही तशीच. घोंगडीत गुंडाळलेला डबा घरी उघडला तेव्हा त्यातून वाफ निघत होती. साखरबाईंनी वास घेतला. तात्यांनी चिमूटभर टिक्की त्यांच्या तोंडात घातली, ती गिळता आली नाही. मग कांद्याची एक पाकळी जिभेवर ठेवली. ती बराच वेळ तोंडात घोळवून त्यांनी फडक्यात काढून दिली.

"ह्योच," त्या म्हणाल्या.

तात्या त्यांच्या पायावर हात ठेवून बसले. दादासो येऊन बसले. दिपालीला फोन गेला, ती संध्याकाळी आली. सगळे वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. दिवेलागणीला साखरबाईंनी पाणी मागितलं आणि मग पुन्हा त्यांना कळ आली.

जीव कशातच अडकलेला नव्हता. त्या पुढं कितीतरी दिवस जगल्या. त्या दिवसांत त्यांनी खायला काही मागितलं नाही; गोळीची वेळ झाली का, एवढंच विचारायच्या. गेल्या तेव्हा तात्या त्यांच्यासाठी गोळी कुटत होते.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. माणसं उन्हात ताटकळली. दादासो हळूच जवळ आले आणि म्हणाले, की कुणाला तरी गाडीवर इंदापूरला पाठवू, तेवढा बर्गर आणून शेजारी ठेवू.

तात्यांनी पिंडावरची नजर काढली नाही.

"तिला गिळता येत व्हतं तवा म्या दिला न्हाय," ते म्हणाले. "आता कावळ्याला कशापायी घालू?"