चोवीस ताडपत्र्या कमी

मागची भिंत आत कोसळली तेव्हा माझी सून घरात होती. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या. मी अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवत होते. जमीन हलली, हंडा उलटला आणि दारातून नुसती धूळ बाहेर आली. मी हाक मारली. आतून उत्तर नाही.

ती आत का होती ते सांगते. २०१९च्या सुरुवातीला डहाणू-तलासरीकडे सारखे हादरे बसत होते. तडकलेल्या घरात झोपू नका, अंगणात आडोसा करा म्हणून ताडपत्र्या मिळणार होत्या. आमचं गाव शंभर घरांचं. खालच्या पाड्यात नव्वद, वरच्यात दहा. ग्रामसेवक आले तेव्हा दोन्ही पाड्यांचा एकेक म्हातारा बसला. खालचा म्हणाला, दहातली आठ घरं तडकली. वरचा म्हणाला, दहातली दोन. ग्रामसेवकांनी लिहिलं, ऐंशी टक्के आणि वीस टक्के. आमच्याकडे पूजेचा खर्च असो की बकऱ्याचा वाटा, पाडा लहान असो की मोठा, मान सारखा. तसंच इथेही केलं. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली. पन्नास टक्के. पन्नास ताडपत्र्या आल्या आणि आमच्या घरापर्यंत पोचायच्या आधीच संपल्या. आमचं घर खालच्या पाड्यात अगदी शेवटी.

मुलगा घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला होता. सून बारावी शिकलेली. दुसऱ्या सकाळी ती पोट सांभाळत ग्रामसेवकांपुढे जाऊन उभी राहिली. मी मागे.

"भाऊसाहेब, हिशेब चुकलाय."

"ऐंशी आणि वीस, निम्मे पन्नास. कुठे चुकला, ताई?"

खालच्या पाड्याचा म्हातारा हसला. "समुद्रकाठच्या चिखल्याची पोर ही. लाटा मोजून आलीय."

"बाबा, तुमच्याकडे हंडाभर आमटी खारट झाली आणि त्यात वाटीभर अळणी ओतली, तर खारटपणा निम्मा होईल?"

"निम्मा कसा होईल? खारटच लागेल ती."

"मग आपला पाडा हंडा आहे आणि वरचा वाटी. नव्वदातली बहात्तर घरं, दहातली दोन. चौऱ्याहत्तर पाहिजेत. चोवीस घरं उघडी आहेत."

ग्रामसेवकांनी पुन्हा आकडे मांडले. मग डहाणूला फोन लावला. चोवीस ताडपत्र्या मिळणार, पण गाडी उद्या.

दुपारी कळा आल्या. दवाखान्यात न्यायला जीप सांगितली होती, तिचा पत्ता नव्हता. अंगणात डोक्यावर ऊन आणि चारी बाजूंनी उघडं. ती आत निघाली. मी नको म्हणाले.

"मग रस्त्यावर बाळंत होऊ का, आई?"

मी पाणी तापवायला चुलीकडे वळले. ती आत गेली आणि थोड्याच वेळात हादरा बसला.

त्या धुळीत माझ्याआधी शिरला तो सकाळी हसलेला म्हातारा. भिंत खाटेवर पडली होती. सून खाटेवर नव्हती, दाराजवळ बसली होती. पायावर दगड, तोंडात माती, म्हणून आवाज नव्हता. त्याने तिला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. मग स्वतःच्या अंगणातली ताडपत्री सोडून आणली आणि आमच्या अंगणात आडोशाला बांधली.

"आज माझं घर त्या चोवीसात धर," तो तिला म्हणाला.

जीप येण्याआधीच मुलगी झाली. सुनेच्या डाव्या पायाचं हाड मोडलं होतं, ते नंतर बसवलं. घर गेलं. सून जगली, तिची मुलगी जगली, मी जगले.