चेअरमनसाठी बांधलेला बेसचा डबा

मंडळी, मागच्या दुष्काळात सोसायटीच्या सभेत मी विचारलतं, "जनावरांच्या छावणीतला चारा कुठं गेला?" चेअरमननं माझा माइक बंद केला आन सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणत उठले.

तवाच ठरवलं. कोरड्या बोअरचा पाइप कापून स्पीकरच्या प्लायवूडच्या डब्याला पोर्ट म्हणून, म्हंजी हवा सुटायचं नळकांडं म्हणून बसवला. आधी आखूड झालता, नुसती हवा भसभसायची. लांब तुकडा घातला तवा बेस छातीत घुमला.

आज तो डबा जीपमधी टाकून सभेच्या दारात जीप लावली. चेअरमन भाषणाला उठला की मी आवाज वाढवला. खिडक्या थरथरल्या, टेबलावरचे कप सरकले.

तो बाहेर येऊन कायतरी ओरडत होता. मी कानामागं हात धरून मान हलवली. न्हाई ऐकू येत.

तुमचाबी माइक कुणी बंद केलाय का? डबा बांधून देतो. पाइपाची काळजी करू नका, आमच्याकडं कोरडे बोअर लई हायेत.