सगळ्या मामांचा एक मामा

“माह्या भावाच्या पोरीचा मांडव कायले रद्द केला हो तुमी? माहेर तोडाचं होतं त तोंडानं सांगाचं होतं!”

बायको आतल्या खोलीतून ओरडत होती आणि मी बाहेरच्या खोलीत, म्हणजे आमच्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीमागे बसलो होतो. आतली खोली आणि दुकान यांच्यात अंतर एवढंच की आत फोडणी पडली की बाहेर गिऱ्हाईक शिंकते. पण तो आवाज दारव्ह्याच्या बस स्टँडपर्यंत गेला असावा. कारण टपावर माणसं बसल्याशिवाय जागची न हलणारी काळीपिवळी त्या दिवशी अर्धी रिकामीच निघून गेली, असं मला नंतर कळलं.

“दादाचा फोन आलता,” ती दारात येऊन उभी राहिली. “वहिनी रडून राह्यली तिकडे. लग्न आठ दिवसावर आलं अन् तुमी मेसेज टाकता, मांडव जमत नाही म्हनून? अन् वरून लिहिता, राग मानू नये?”

मी म्हटलं, “तो मेसेज तुह्या भावाले नोहता.”

“मंग कोनाले होता?”

इथेच गोष्ट अडली. कारण तो मेसेज कोणाला होता हे सांगायचं, तर आधी दोन कॉम्प्युटरांचं सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं असतं तर ती जास्त भडकली असती.

आमचं बिछायत केंद्र आहे. लग्न, बारसं, तेरवी, भाषण, काहीही असो, मांडव, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे पातेले म्हणजे गंज, कढया आमच्याकडून जातात. त्यातला मोठा मांडव एकच, आणि तो असा आहे की एका टोकाला वरात शिरली आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना ते कळेपर्यंत नवरीला पहिला दिवाळसण येतो. तारखा मी बाहेर घेतो. बायकोही घेते, कारण बायकांना बायकोशी बोलायचं असतं. माझा कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या कॅफेतून उचललेला. तो चालू करून मी आंघोळ करतो, दाढी करतो, चौकात चहा पिऊन येतो, तरी तो आपला गोल गोल फिरतच असतो. बायकोचा लॅपटॉप मुलगी नागपूरला नोकरीला लागली तेव्हा मागे ठेवून गेलेला. म्हणजे घर एक, मांडव एक, आणि कॅलेंडरं दोन. माझ्या कॅलेंडरात तारीख रिकामी असायची आणि तिच्यात त्याच तारखेला वरात.

ही दोन यंत्रं एकमेकांशी जोडून द्या, म्हणून मी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “भाऊ, वर्षाचा प्लान घ्या. दोन्ही कॉम्प्युटर आपसात बोलतीन.”

“बोलाचे पैसे? आमी नवराबायको इतके वर्षं फुकट बोलून राह्यलो.”

“बोलता हो,” तो म्हणाला, “पन आयकते कोन?”

त्याच्या या उद्धटपणामुळे मी प्लान घेतला नाही. त्याऐवजी एक पेनड्राइव्ह घेतला, त्याला मांडवाची सुतळी बांधली आणि दोन खोल्यांमधल्या दाराच्या खिळ्याला टांगला. ज्यानं तारीख लिहिली त्यानं फाईल पेनड्राइव्हमध्ये काढायची, दुसऱ्याच्या यंत्रात नेऊन चढवायची आणि पुन्हा खिळ्याला टांगायचं. बिनपैशाचा प्लान! तो पेनड्राइव्ह आतबाहेर इतका हिंडला की फरशीवर पायवाट पडली. त्या पायवाटेनं शेजारची कोंबडीही ये-जा करू लागली.

फक्त एक झालं. फाईल चढवताना लॅपटॉप दर वेळी विचारायचा, जुनी काढून नवी ठेवू का? आता नवं सोडून जुनं कोण ठेवते? मी दर वेळी हो म्हणायचो. त्यामुळे मी आत एक तारीख घेऊन जायचो आणि माझी फाईल तिची अख्खी फाईल ढेकर न देता गिळायची. तिनं आपल्या भाचीच्या लग्नासाठी मोठा मांडव लिहून ठेवला होता, तोही त्यात गेला. बायको शहाणी. तिला वाटलं, लॅपटॉपचं काहीतरी झालं असेल. तिनं ती तारीख पुन्हा लिहिली आणि पेनड्राइव्ह बाहेर आणायची विसरली. इकडे माझ्या कॉम्प्युटरात ती तारीख कोरी पाटी. त्याच तारखेला नेरहून एक पार्टी आली, मी हसत हसत त्यांना मोठा मांडव देऊन टाकला, वर चहा पाजला.

हे मला कधी कळलं? मी सुधारलो तेव्हा. कॉम्प्युटरवाल्याकडे दुसऱ्या कामासाठी गेलो असता तो कंटाळून म्हणाला, “भाऊ, फुकटातही होते. एक खातं उघडा, दोन्हीकडे तेच टाका, मंग सोडा माहा पिच्छा.” फुकट! मला असं झालं की आजवर हा शब्द त्यानं पोटात ठेवलाच कसा. घरी येऊन मी खातं उघडलं, दोन्ही यंत्रांत टाकलं, आणि ती दोन कॅलेंडरं एकमेकांच्या गळ्यात पडली. पाहतो तर एकाच दिवशी दोन मांडव. वर तिच्या भाचीचं लग्न, वणी. खाली माझी नेरची पार्टी. माझ्या पोटात खड्डा पडला. असा की त्यात आमचा मोठा गंज मावला असता.

भाचीची नोंद आधीची होती. हटायचं ते नेरलाच. बायको त्या वेळी बाजारात गेली होती, म्हणजे ती यायच्या आत निपटवायचं. फोन करणं शक्य नव्हतं; माणसाला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते, आणि माझी सगळी छाती मांडव ठोकण्यात खर्च झाली आहे. म्हणून मी कॉम्प्युटरवरून मेसेज लिहिला: “मामा, अडचणीमुळे मांडव जमत नाही. राग मानू नये.”

आता मामा हे काय ते सांगतो. आमच्या भागात वयानं मोठा कोणताही माणूस, दुसरं नातं सिद्ध होईपर्यंत, मामाच असतो. दुकानात पाय ठेवला की मामा. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरात ज्याला त्याला मी “मामा” म्हणूनच भरून ठेवलेलं. नाव विचारणं बरं दिसत नाही. बायकोचा भाऊसुद्धा त्यातच, कारण आमची मुलगी त्याला मामा म्हणते. आवाज आला की कोणता मामा ते मला कळायचं. पण ते नवीन खातं! त्यानं सकाळीच विचारलं होतं, एकसारख्या नावाचे लोक एकत्र करू का? मी म्हटलं, कर बाबा, तेवढाच पसारा कमी. त्यानं जिल्ह्यातले सगळे मामा उचलले आणि त्यांचा एक मामा केला. नाव एक, त्याखाली नंबरांची वरात. मेसेज पाठवताना त्यानं पुन्हा विचारलं, सगळ्या नंबरांवर पाठवू का? मला वाटलं, नेरच्या मामाकडे पुष्कळ फोन दिसतात, मोठी पार्टी आहे. मी म्हटलं, पाठव.

त्यानंतर जे फोन सुरू झाले ते सांगितले तर खोटं वाटेल. पहिला मामा म्हणाला, “काहून बा, पोरीचं लगन होऊन तिले पोरगं झालं, अन् तुमी आता मांडव रद्द करून राह्यले?” दुसऱ्या मामाकडे तेरवी होती. तो शांतपणे म्हणाला, “मी बुढ्याले काय सांगू? वापस ये, मांडववाल्याले अडचन हाय?” तिसरा नुसता शिव्या देत होता आणि तो कोण हे मला अजून कळलेलं नाही. एका मामाला मी समजावून फोन ठेवला की दुसरा उचलायचा, असं करता करता फोन इतका तापला की मी तो गंजाच्या झाकणावर ठेवला. आणि या सगळ्यात वणीच्या मामानं मला फोन केलाच नाही. त्यानं बहिणीला केला.

“म्हंजे तुमी माह्या दादाले,” बायको शेवटी माझ्याकडून सगळं ऐकून म्हणाली, “गावच्या साऱ्या गिऱ्हाइकात कालवून टाकलं?”

“कालवलं मशीननं.”

“मशीनले हो कोन म्हनलं?” तिचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “दादानं तिकडचा दुसरा मांडववाला पाह्यला. माह्या घरी मांडव असताना. आता मी त्या लग्नात कोन्या तोंडानं जाऊ?”

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच वणीला निघालो. यवतमाळ, करंजी, मारेगाव. वणी जवळ येता येता कोळशाचे ट्रक इतके की बसमध्ये चढताना मी गव्हाळ होतो आणि उतरताना कंडक्टरनं मला ओळखलं नाही. साळे, म्हणजे बायकोचे दादा, खाणीत नोकरीला. बोलतात असे जसं काही शब्द वजनावर विकतात. दारातच म्हणाले, “या जवाई.” पाणी दिलं. मग आपला फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “वाचा.”

मी माझाच मेसेज मोठ्यानं वाचला. राग मानू नये, इथे माझा आवाज थोडा चिरकला.

मग मी सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, सुतळी, कोंबडी, फुकटचं खातं, सगळे मामा. त्यांनी माझ्या हातातला फोन परत घेतला. शेवटी म्हणाले, “म्हंजे तुमच्या कॉम्प्युटरात मी कितव्या नंबरचा मामा हाय?”

“वरून पयलेच,” मी म्हटलं. खरं म्हणजे ते तेरवीवाल्याच्या खाली होते.

“अन् तिच्या मशीनीत?”

“तिच्यात तुमी दादा.”

“तितं किती दादा हाय?”

“एकच,” मी म्हटलं, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. तिचं सगळं माहेर, शेजारणी, भिशीतल्या बायका, सगळ्या गर्दीत दादा एकच. मशीनलासुद्धा त्याच्यात मिसळायला दुसरा सापडला नाही.

ते उठले. मग आत वहिनीला म्हणाले, “त्या दुसऱ्या मांडववाल्याले नाही म्हनून सांग. चहा ठेव.”

मी परत आलो तो स्वारी जिंकून आल्यासारखा. बायकोला सांगितलं, तुह्या भाचीचा मांडव पक्का. ती हसली नाही, पण तिनं माझ्यासमोर गरम भाकर ठेवली, आणि आमच्या घरात तो सत्कारच असतो. मी दुसऱ्या भाकरीला हात घालणार, तर दुकानाच्या फोनवर रिंग. बायकोनं तो आत आणून माझ्या ताटाजवळ स्पीकरवर ठेवला.

“नेरवरून बोलतो भाऊ. मांडवाची गाडी कवा पाठवून राह्यले? आमी जागा साफ करून ठेवली.”

मी हात मागे घेतला. “मामा, मी मेसेज टाकलता ना तुमाले.”

“मले त कोनताच मेसेज नाही आला बापा.”

जेवण सोडून मी कॉम्प्युटर चालू केला. तो फिरत होता तोवर मी दोनदा हात धुतले. मग सापडलं. या माणसाला मी तोंडावर मामा मामा म्हणून चहा पाजला होता. पण भरताना मोठं गिऱ्हाईक म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं, “नेर पार्टी”. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक मामाला माझा मेसेज पोचला होता. ज्याच्यासाठी लिहिला तोच एकटा सुटला.

फोन अजून सुरूच होता. तिकडून तो “भाऊ, भाऊ” करत होता. मी बायकोकडे पाहिलं. माणूस बुडताना काठावरच्याकडे पाहतो तसं.

“आता काय करू?” मी विचारलं.

ती माझ्या ताटातली भाकर झाकत होती. “मांडव वणीले जाईन,” ती म्हणाली. “नेरले तुमी जा.”